आपली ओळख आपल्याच शब्दांत
(अरब जगातील आत्मचरित्रे आणि आपण)



सावंगी (मेघे) येथील मोठ्या रुग्णालयात केसपेपर काढण्याच्या खिडकीपाशी आपणांपैकी बहुतेकजण केव्हा ना केव्हा उभे राहिले असतील. खिडकीतून तीन प्रश्न येतात : नाव काय, वय किती, गाव कोणते? नाव आणि गाव चटकन सांगितले जाते. वयापाशी मात्र एखादी वृद्ध दादी अडखळते. सोबतचा नातू म्हणतो, "लिहा साठ-पासष्ट." कारकून तसे लिहितो आणि त्या कागदापुरती दादीची ओळख पूर्ण होते. तिने किती लेकरे वाढवली, किती दुष्काळ पाहिले, कोणती शाळा तिला मिळाली नाही, हे त्या कागदावर येत नाही. ते यावे अशी अपेक्षाही नाही. पण मग ते कोणत्या कागदावर येते? आपल्या घरात असा एखादा कागद आहे काय?

शाळेत 'माझा परिचय' हा निबंध दिला, की आपली पुष्कळ मुले चार ओळींत थांबतात. नाव, वडिलांचे नाव, इयत्ता, आवडता खेळ. पुढे पेन चालत नाही. वास्तविक सांगण्यासारखे त्यांच्यापाशी कमी नसते. घरी उर्दू किंवा दखनी, शाळेत मराठी, मकतबात अरबी आणि पुढे महाविद्यालयात इंग्रजी, अशा चार भाषांतून हे मूल रोज ये-जा करीत असते. या चारांपैकी 'मी' नेमका कोठला, असा प्रश्न त्याला पडतो आणि तो मनातच राहतो.

हा प्रश्न आपल्या एकट्याचा नाही. ज्या अरबी भाषेत आपण नमाज पढतो, त्या भाषेच्या मुलखातही गेली शंभर-सव्वाशे वर्षे हाच प्रश्न विचारला जात आहे. तेथील लेखकांनी त्याचे उत्तर ज्या ग्रंथांतून शोधले, त्यांत आत्मचरित्रांचे स्थान फार मोठे आहे. त्यांपैकी काहींची ओळख आज आपणांस करून द्यावी, असा विचार आहे. त्यांतील एक लेखक मक्केत जन्मला आणि त्याच्या जीवनातील एक महत्त्वाचा प्रसंग आपल्या वर्ध्यात घडला, हे वाचून आपणांस आनंद वाटेल.

आत्मचरित्र ही परकी चाल आहे काय?

आपल्यापासून थोड्याच अंतरावर सेवाग्राम आहे. तेथे पुढे वास्तव्य करणाऱ्या गांधीजींनी १९२५ मध्ये 'नवजीवन' साप्ताहिकातून आपली आत्मकथा लिहावयास घेतली. एका सश्रद्ध मित्राने त्यांना हटकले होते, असे त्यांनी प्रस्तावनेतच नमूद केले आहे. आत्मचरित्र लिहिणे ही पश्चिमेची रीत आहे, पूर्वेकडील माणसे ते लिहीत नाहीत, असा त्या मित्राचा आक्षेप होता. आपल्या घरांतूनही असेच काहीसे ऐकू येते. स्वतःविषयी बोलणे म्हणजे बढाई. भल्या माणसाने ते करू नये.

बढाई वाईट, यात शंका नाही. परंतु अरबी ग्रंथांचा इतिहास पाहिला, तर स्वतःचे वृत्त स्वतः लिहिणे ही तेथे जुनी आणि प्रतिष्ठित प्रथा होती, असे दिसते. इब्न सीना यांनी सुमारे एक हजार वर्षांपूर्वी आपल्या तरुणपणाची हकीकत शिष्याला सांगितली. अॅरिस्टॉटलचा एक ग्रंथ आपण चाळीस वेळा वाचला, तरी समजला नाही. शेवटी पुस्तकांच्या बाजारात तीन दिरहमला मिळालेल्या अल-फाराबीच्या छोट्या पुस्तकाने तो उलगडला, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. विद्यार्थी मित्रहो, जगाने ज्याला शतकानुशतके वैद्यांचा राजा मानले, तो आपल्याला एक पुस्तक समजले नाही हे लपवीत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवा.

इमाम गझाली बगदादच्या प्रसिद्ध निझामिया मदरशाचे मुख्य अध्यापक होते. १०९५ मध्ये त्यांच्या मनात शंकांचे असे काहूर माजले, की शिकवण्यासाठी तोंड उघडले तर शब्द फुटेना. ते पद सोडून ते निघून गेले आणि पुढे आपल्या या मानसिक प्रवासाचा वृत्तान्त त्यांनी स्वतः लिहिला. इब्न खल्दून यांनी आपल्या आयुष्याच्या चढउतारांसोबत समुद्रात बुडालेल्या आपल्या कुटुंबाचे दुःखही लिहून ठेवले. १५०५ मध्ये वारलेले इमाम सुयूती यांनी तर बढाईच्या आक्षेपाला आपल्या आत्मचरित्राच्या नावातूनच उत्तर दिले. परवरदिगाराने केलेल्या कृपेविषयी बोलावे, ही कुराणातील 'अद्-दुहा' सूरेची शिकवण त्यांनी शीर्षकासाठी घेतली. आपल्याला जे मिळाले ते कोठून मिळाले, हे सांगणे म्हणजे कृतज्ञता होय, असा त्याचा आशय.

या जुन्या वृत्तांतांत गुरू, ग्रंथ, प्रवास आणि पदे यांना अधिक जागा असे. घरातले बालपण, लाज, भीती या गोष्टी त्या मानाने थोड्या येत. विसाव्या शतकात त्या आत आल्या, आणि त्यांना आत आणणारे सर्वांत प्रसिद्ध पुस्तक एका अंध माणसाने लिहिले.

नाईलकाठचा अंध मुलगा

ताहा हुसेन यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८८९ रोजी इजिप्तमधील मघाघा गावाजवळ झाला. तेरा भावंडांत ते सातवे. लहानपणी डोळे आले, गावठी उपचार झाले आणि दृष्टी गेली. गावच्या मकतबात त्यांनी कुराण पाठ केले. १९०२ मध्ये ते कैरोच्या अल-अझहर विद्यापीठात गेले. पुढे कैरोतील नव्या विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांना १९१४ मध्ये मिळाली. ती मिळवणारे ते पहिले. त्यानंतर पॅरिसमध्ये त्यांनी इब्न खल्दून यांच्यावर प्रबंध लिहिला.

१९२६ मध्ये इस्लामपूर्व अरबी काव्यावरील त्यांच्या एका पुस्तकाने इजिप्तमध्ये मोठे वादळ उठले. पुस्तक मागे घ्यावे लागले, सरकारी चौकशी झाली आणि ती पुढे बंद करण्यात आली. त्या पुस्तकातील मतांशी अनेक विद्वान तेव्हाही सहमत नव्हते, आजही नाहीत. परंतु हा माणूस कोण, कोठला, याविषयी जो तो बोलत असतानाच त्यांनी आपल्या बालपणाची हकीकत मासिकातून प्रसिद्ध केली. १९२६-२७ मध्ये 'अल-हिलाल' मासिकात ती आली आणि १९२९ मध्ये पुस्तकरूप झाली. तिचे नाव 'अल-अय्याम', म्हणजे 'दिवस'. त्याच सुमारास इकडे गांधीजींची आत्मकथा 'नवजीवन'मधून चालू होती, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे.

या पुस्तकात 'मी' नाही. लेखक स्वतःविषयी 'तो मुलगा' असे म्हणतो. दुरून पाहिल्यासारखे सांगितल्यामुळे न बढाई होते, न रडगाणे. एकदा सारे कुटुंब जेवावयास बसले असता त्या मुलाच्या मनात आले, की एका हाताऐवजी दोन्ही हातांनी घास घेतला तर काय होईल? त्याने तसे केले. भावंडे हसली, आईला रडू कोसळले, आणि वडिलांनी दुःखी पण शांत स्वरात घास असा घेत नाहीत असे समजावले. त्या दिवसापासून चमच्याने खावयाचे पदार्थ मुलाने स्वतःहून वर्ज्य केले. कोणी त्याला मारले नाही, कोणी शिवी दिली नाही; तरी एक हसू त्याला जन्मभर पुरले.

दुसरा प्रसंग पालकांनी विशेष लक्षपूर्वक ऐकावा. मुलाचे कुराण पाठ झाले म्हणून घरी त्याला 'शेख' म्हणू लागले. पुढे उजळणी राहून गेली. एके दिवशी वडिलांनी पाहुण्यांसमक्ष एक सूरा म्हणावयास सांगितली, आणि मुलाला ती पुढे म्हणता येईना. दुसरी सांगितली, तीही येईना. त्याची ती घामाघूम अवस्था लेखकाने काहीही न लपवता लिहिली आहे. परंतु लिहिताना तो वडिलांवर रागावत नाही, की मकतबाची टवाळी करून मोकळा होत नाही. शिक्षकाने काय टाळले, मुलाने काय टाळले, वडील काय समजून चालले, हे सारे तो समोर मांडतो. आपल्या माणसांवर प्रेम करीत असतानाच त्यांच्याविषयी खरे कसे बोलावे, याचा हा धडा आहे.

पहिल्या भागाच्या अखेरीस ते आपल्या नऊ वर्षांच्या मुलीशी बोलतात. अझहरच्या दिवसांत आपण नुसत्या भाकरीवर कसे राहिलो, आणि आईवडिलांना वाईट वाटू नये म्हणून सारे ठीक आहे असे खोटेच कसे सांगत आलो, हे ते तिला सांगतात. म्हणजे हे पुस्तक एका बापाने लेकीसाठी ठेवलेला तो कागद आहे, ज्याविषयी मी आरंभी विचारले.

मक्केत जन्मलेले, वर्ध्यात येऊन गेलेले

आता दुसऱ्या व्यक्तीकडे वळू. ताहा हुसेन यांच्याहून एकच वर्ष मोठे असलेले मौलाना अबुल कलाम आझाद ११ नोव्हेंबर १८८८ रोजी मक्केत जन्मले. वडील मौलाना खैरुद्दीन हिंदुस्थानी, आई मदिनेच्या एका आलिमाची कन्या. बालपणीच कुटुंब कलकत्त्यास आले. वडिलांचा नव्या शिक्षणावर विश्वास नव्हता. त्यामुळे सारे शिक्षण घरीच झाले. इंग्रजी मात्र त्यांनी स्वतः शिकून घेतली. अक्षरओळख होताच बायबलची इंग्रजी, फारसी आणि उर्दू भाषांतरे शेजारी ठेवून ते वाचीत, पुढे शब्दकोश घेऊन वर्तमानपत्रे वाचीत. शिकवणी परवडत नाही म्हणून खचणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे जरूर ध्यानी घ्यावे.

तरुणपणी आझादांच्या मनातही गझालींप्रमाणे शंकांचे दिवस आले. केवळ वारशाने आलेल्या समजुतींना आपण बांधलेले नाही, हे दर्शवण्यासाठी त्यांनी 'आझाद' हे नाव घेतले. पण धर्म सोडला नाही. तो नव्याने समजून घेतला आणि पुढे कुराणाचे उर्दू भाषांतर व भाष्य लिहिले. १९१२ मध्ये कलकत्त्याहून त्यांनी साप्ताहिक काढले, त्याचेही नाव 'अल-हिलाल'. कैरोच्या ज्या मासिकात पुढे ताहा हुसेन यांची आत्मकथा आली, त्याचेच हे नामबंधू.

आझादांनी स्वतःची ओळख सांगण्याचा प्रयत्न तीन वेळा केला. पहिला रांचीच्या नजरकैदेत. एका स्नेह्याने आत्मचरित्र मागितले. आझादांनी 'तजकिरा' लिहून दिला. १९१९ मध्ये छापलेल्या या पुस्तकात पाने पूर्वजांनी भरली आहेत, स्वतः लेखक शेवटच्या थोड्या पानांत आणि तोही आडपडद्याने येतो. आपली मुले निबंधात वडिलांचे नाव लिहून थांबतात, तसेच काहीसे हे झाले.

दुसरा प्रयत्न महाराष्ट्राच्या भूमीवर झाला. जुलै १९४२ मध्ये काँग्रेसच्या कार्यकारिणीची बैठक वर्ध्याला भरली. अध्यक्ष मौलाना आझाद होते. इंग्रजांनी देश सोडावा, या मागणीचा ठराव १४ जुलैला येथेच संमत झाला. ऑगस्टमध्ये मुंबईला 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि ९ ऑगस्टच्या पहाटे नेत्यांना अटक झाली. आझाद, नेहरू आणि इतरांना अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात ठेवले गेले. तेथे आझादांनी आपले मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रे लिहिली. ती टपालात पडण्याची सोय नव्हती. १९४६ मध्ये 'गुबार-ए-खातिर' या नावाने ती प्रसिद्ध झाली. चहा, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्या, संगीताचा छंद, ईश्वराचे अस्तित्व, अशा विषयांतून त्यांत एक एकाकी माणूस दिसतो. एप्रिल १९४३ मध्ये त्यांची पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. त्यांना भेटू द्यावे, अशी विनंती मौलानांनी सरकारला केली नव्हती. तो स्वाभिमान आणि त्यामागची वेदना, दोन्ही या पत्रांत आहेत. झुलेखा बेगमांचे आत्मचरित्र मात्र आपल्यापाशी नाही. त्या आपल्याला बहुतांशी पतीच्याच शब्दांत भेटतात, ही चुटपुट लागून राहते.

तिसरा प्रयत्न अखेरच्या वर्षांत. हुमायून कबीर यांना त्यांनी उर्दूत हकीकत सांगितली आणि त्यांनी ती इंग्रजीत उतरवली. 'इंडिया विन्स फ्रीडम' हे ते पुस्तक मौलानांच्या निधनानंतर १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे तीस पाने त्यांनी तीस वर्षांसाठी मोहोरबंद ठेवली होती; ती घालून पूर्ण पुस्तक १९८८ मध्ये आले. वर्ध्याच्या त्या बैठकीच्या वेळी आपले आणि गांधीजींचे मतभेद किती ताणले गेले होते, हेही त्यांनी यात आदर न सोडता सांगितले आहे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आझाद अल-अझहरमध्ये शिकले, असे अनेक ठिकाणी छापले गेले. सांगणाऱ्यांचा हेतू गौरवाचाच होता. पण मौलानांनी आपल्या शिक्षणाची खरी हकीकत सांगितली : शिक्षण घरी झाले, १९०८ च्या प्रवासात अल-अझहर पाहिले आणि तेथील तेव्हाची शिक्षणपद्धती सदोष वाटली. त्याच सुमारास अंध ताहाही तेथे विद्यार्थी म्हणून बसत होता, आणि त्याचेही मत असेच बनत होते! आपली हकीकत आपण सांगितली नाही, तर दुसरे ती सांगतात. कधी द्वेषाने, कधी प्रेमाने, पण चुकीची.

मार्च १९४० मध्ये रामगढच्या अधिवेशनात अध्यक्षपदावरून मौलानांनी सांगितले, की तेराशे वर्षांच्या इस्लामी परंपरेचा मी वारस आहे आणि तिचा कोणताही अंश सोडण्यास तयार नाही. त्याचप्रमाणे या देशाच्या अखंड राष्ट्रीयत्वाचाही मी अविभाज्य भाग आहे. मातृकुल मदिनेचे, जन्म मक्केचा, लेखणी उर्दूची आणि कर्मभूमी हिंदुस्थान. यांपैकी एक खरे ठरवण्यासाठी दुसरे पुसून टाकावे लागते, असे त्यांना वाटले नाही.

दोन शिक्षणमंत्री

या दोघांत आणखी एक साम्य आहे आणि शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत ते सांगितलेच पाहिजे. दोघेही आपापल्या देशाचे शिक्षणमंत्री झाले. मौलाना आझाद १९४७ पासून १९५८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर होते. खरगपूरची पहिली आय.आय.टी. आणि विद्यापीठ अनुदान आयोग त्यांच्याच कारकिर्दीत उभे राहिले. २००८ पासून त्यांचा जन्मदिवस राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. ताहा हुसेन १९५० मध्ये मंत्री झाले. पाणी आणि हवा यांच्याइतकेच शिक्षण माणसाला आवश्यक आहे, असे म्हणत त्यांनी माध्यमिक शिक्षणाची फी रद्द केली.

याला योगायोग म्हणता येईल. मला मात्र तसे वाटत नाही. शिकताना आपल्याला काय सोसावे लागले, कोठे अपमान झाला, कोठे दार बंद होते, हे ज्याने प्रामाणिकपणे आठवले, त्यालाच दुसऱ्याच्या मुलासाठी कोणते दार उघडावयाचे ते कळते. जो आपले बालपण विसरतो किंवा त्याची लाज बाळगतो, तो तेच बालपण पुढच्या पिढीच्या माथी मारतो.

मुलींची पाने

आता माता-भगिनींसाठी एक उदाहरण. फदवा तुकान या पॅलेस्टाइनमधील नाबलुसच्या कवयित्री. १९८५ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. डोंगरवाटेचा खडतर प्रवास, असा त्याच्या नावाचा अर्थ. आपला जन्म कधी झाला, असे त्यांनी आईला विचारले. आईला तारीख ठाऊक नव्हती. तिला आठवत होता तो एका रानभाजीचा हंगाम आणि त्याच सुमारास झालेला एका नातलगाचा मृत्यू. अखेर त्या नातलगाच्या कबरीवरील दगडाने साल सांगितले : १९१७. केसपेपरच्या खिडकीपाशी अडखळणारी आपली दादी आठवली ना?

एका मुलाने मोगऱ्यासारखे एक फूल दिले, एवढ्या कारणाने फदवांची शाळा बंद झाली. घरातच कोंडलेल्या या मुलीला तिचा दुसरा भाऊ, कवी इब्राहिम, याने शिकवले आणि त्यातून अरबीतील एक थोर कवयित्री घडली. एका भावाने दार लावले, दुसऱ्याने उघडले. आपण यांपैकी कोणता भाऊ, कोणता बाप आहोत, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी पाहावे.

मराठीतही मेहरुन्निसा दलवाई यांनी 'मी भरून पावले आहे' हे आत्मकथन दिले. ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. दलवाई पतीपत्नींच्या कार्याविषयी आपल्या समाजात मतभेद आहेत, हे मी जाणतो. मतभेद जरूर असावेत. परंतु एका मुस्लिम स्त्रीने आपले आयुष्य मराठीत स्वतः सांगितले, ही गोष्ट मोलाचीच आहे. न पटणाऱ्या पुस्तकाला उत्तर हवे असेल, तर तेही लिहूनच देता येते.

एक छोटेसे काम

विद्यार्थी मित्रहो, या सुटीत दोनशे पानी वही घ्या. आजी-आजोबांजवळ बसा. त्यांचे गाव, त्यांची शाळा किंवा न मिळालेली शाळा, पहिली मजुरी, पहिला प्रवास, हे विचारा आणि ते सांगतील तसे लिहा. भाषा कोणतीही चालेल. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, घरच्या बोलीत लिहा. मग त्याच वहीत स्वतःविषयी लिहा. जे समजले नाही तेही लिहा. इब्न सीनांनी सांगितले होते. जेथे लाज वाटली तेही लिहा. ताहा हुसेन यांनी लिहिले होते.

आणि पालकहो, मुलाने किंवा मुलीने लिहिलेले वाचताना घाईने लाल पेन उचलू नका. त्यात आपल्याविषयी एखादे कडू वाक्य असेल. ते वाचून क्षणभर गप्प बसा. ज्या मुलाला आपल्या घरात खरे बोलता येते, त्याला बाहेरच्या जगात खोटे नाव घेऊन वावरावे लागत नाही.

खिडकीपाशी नाव, वय आणि गाव पुढेही विचारले जाईलच, आणि तेथे तेवढेच सांगावे. पण घरी एक वही असू द्या, की जिच्यात दादी साठ-पासष्ट एवढ्यावरच संपत नाही.